मातीच्या पत्रिकेत शिशाचा रकाना हवा

नागपूरजवळच्या खसाळ्याकडच्या शिवारात वीज केंद्राची राखड उडते त्या दिवसांत कपाशीच्या पानावर बोट टेकवून ओढा. बोटाला करडी भुकटी लागते, मागे हिरवी रेघ उमटते. ही भुकटी पानाची रंध्रं बुजवते, ऊन अडवते. पण ती निदान दिसते तरी.

१६ जुलै २०२२ ला कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखडीचा गाळ वावरांत शिरला. पाणी ओसरलं. राखडीतले शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र दिसत नाहीत, कुजतही नाहीत, मातीतच राहतात. कॅडमियम जस्ताच्या वाटेनं मुळात शिरतं. मुळं आखूड राहतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण खताची मात्रा वाढवतो! पालकात तर ते पानातच साठतं, म्हणजे थेट आपल्या ताटात.

या धातूंपुढे आपली ढाल म्हणजे चुनखडीची काळी माती. तिचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ च्या वर. ती आम्ल पचवते, कॅडमियम-शिशाला जखडून ठेवते. वीज केंद्राच्या चिमणीतला सल्फर डायऑक्साइड पावसाचा सामू ५.६ च्या खाली नेतो, तेव्हा हाच चुना खर्ची पडतो. तो सरत गेला की जखडलेले धातू सुटतात आणि मुळांना मिळतात. या वायूवर मर्यादा घालणारा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. मला हे मान्य नाही.

पर्यावरणाचं संशोधन करणारी नीरी नागपुरात, कापूस संशोधन संस्था नागपुरात, संत्र्याची संस्था नागपुरात, देशाच्या मातीचे नकाशे करणारा ब्युरोही अमरावती रोडवर. तरीही आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ तपासण्यांत शिसं नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या: राख बंधाऱ्यांभोवतीच्या प्रत्येक गावात जड धातूंची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी, निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. शहरातल्या मंडळींनो, या केंद्रांची वीज आपल्या घरात जळते. ठरावाच्या बाजूनं उभे राहा.

आणि रब्बीच्या पेरणीआधी वावरात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या. गंजकं फावडं नको, लाकडी खुरपं चालेल. सगळी मिसळून अर्धा किलो सावलीत वाळवा. पिशवीवर गट क्रमांक, गाव आणि तारीख लिहून ग्रामसभेला सोबत आणा.