आजीला विचारा, वहीत लिहा

"आपला इतिहास कुठं लिहिलाय?" आमच्या रविवारच्या विहारवर्गात एका मुलीने विचारले. शाळा सुटलेली, घरीच शिकणारी पोर. पुस्तक दाखवून भागणार नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही मातीच्या पाट्या केल्या. मुलांनी काडीने ब्राह्मी अक्षरांत आपापली नावे कोरली. मग सांगितले, नागभीड तालुक्यातल्या देवटेकला असाच सम्राट अशोकाच्या काळचा ब्राह्मी लेख सापडला. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशी त्यात आज्ञा आहे. ती शिळा नागपूरच्या अजब बंगल्यात गेली.

नंतर भद्रावतीची विजासन लेणी पाहिली. पोरांनी दोरीने दालन मोजले. टोकाला बुद्धमूर्ती दिसली, तशी सगळी शांत झाली. परतताना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर थांबलो. येथे बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली.

"माझी आजी आली होती इथं, बापाच्या खांद्यावर बसून," तीच मुलगी म्हणाली. आठवड्याने तिने आजीचे बोलणे वहीत उतरवून आणले. चार पानं!

पालकहो, तो दिवस पाहिलेली माणसे आता थोडीच उरली. मुलांच्या हाती वही द्या, आजी-आजोबांजवळ बसवा. उद्यावर ढकलू नका. जयभीम.