झाडपाला, सुई आणि जीवकाचा धडा



पावसाळा सुरू झाला की आमच्या वर्तकनगरात घरोघरी काढ्याचा वास सुटतो. कुणाच्या गॅलरीत डब्यात लावलेली तुळस, कुणाकडे गुळवेल, कुणी गावाहून अडुळसा आणलेला. आपल्याकडे तुळस पूजेला नाही, खोकल्याला लागते, हे योग्यच आहे. डॉक्टरची फी परवडत नाही, म्हणून कष्टकऱ्याला झाडपाला जवळचा वाटतो. पण तो कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही, हे कळले पाहिजे.

तथागतांचे वैद्य जीवक यांची गोष्ट विनयपिटकात आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्यांना सांगितले, 'योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये.' जीवक रिकाम्या हाताने परतले. ही गोष्ट आपण आवडीने सांगतो, पण त्यामागची सात वर्षे विसरतो. ज्या पानात गुण असतो, त्यात अपायही असू शकतो. करोनाच्या काळात अनेकांनी रोज गुळवेल घेतली. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वाद राहू द्या. पण कावीळ झालेल्याने, यकृताचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा काढा घेऊ नये.

सुईच्या उपचाराचेही तसेच. 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि ही विद्या त्यांनी भारतात आणली. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी यात काहींना तिने आराम पडतो. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा कायदा आहे. म्हणून उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ 'ब' आणि एचआयव्ही पसरू शकतो.

सर्वांत मोठा धोका साखरेच्या आजारात आहे. कारल्याचा रस सुरू केला म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणारे आपल्यात आहेत. साखर वाढत राहते, पाय बधिर होतात, जखम कळत नाही आणि शेवटी पाय गमवावा लागतो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. रस हवा तर घ्या, पण डॉक्टरांना सांगून. गोळी मात्र सोडू नका.

माता-भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे :

1) साध्या सर्दी-खोकल्याला आले-तुळशीचा काढा चालेल. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये.

2) जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

3) खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढा थांबवून थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

4) छातीत दुखणे, धाप लागणे, बाळ दूध न पिणे, लघवी गडद पिवळी होणे : यात घरगुती उपाय नको. कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय गाठावे.

कुणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, अनुभवावर घासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गंडादोरा आपण सोडला तो याच विचाराने. काढ्यालाही आणि सुईलाही तीच कसोटी लावू या.

भवतु सब्ब मंगलं!