शिक्षकांची पात्रता आणि परीक्षेची पत

बाजारपेठेतील वजनमापांची सरकारी तपासणी होऊन त्यांवर शिक्का बसतो, ह्यात कोणाही सचोटीच्या व्यापाऱ्यास अपमान वाटत नाही. मग आपल्या मुलांची बुद्धी ज्यांच्या स्वाधीन करावयाची, त्या शिक्षकांची पारख होऊ नये असे कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. परंतु शिक्का मारणाराचाच हात अशुद्ध निघाल्यास काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना निघाली आणि पहिली ते आठवीच्या नव्या शिक्षकांस पात्रता परीक्षा आवश्यक झाली. महाराष्ट्रात ती प्रथम २०१३ साली झाली. पुढे २०२१ च्या डिसेंबरात, गुणांच्या विक्रीच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांसच अटक केली. आणि २०१९-२० च्या परीक्षेतील ७,८०० हून अधिक उमेदवार २०२२ साली बाद ठरले. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखण कोणी करावी?

अशा स्थितीत १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उतरावी, नाही तर नोकरी सोडावी. वीस-वीस वर्षे खेड्यापाड्यांत शिकविलेल्या माणसास हे जाचक वाटावे, हे स्वाभाविक आहे. तथापि केवळ सेवा जुनी म्हणून पारख नको, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. नुकसान सोसावे लागते ते मुलास, आणि त्याचे वाया गेलेले वर्ष कोणतेही सरकार परत देऊ शकत नाही.

मात्र परीक्षा मागणाऱ्या सरकारने आपले कर्तव्य आधी करावे. परीक्षा निष्कलंक घ्यावी. शिक्षकांस अभ्यासास अवधी व मार्गदर्शन द्यावे. एका हाताने जनगणना व निवडणुकीची कामे लादून दुसऱ्या हाताने विद्वत्तेचा दाखला मागणे न्याय्य नव्हे.

वाचकांसही आमचे एक सांगणे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. आपल्या शाळेत अर्हताप्राप्त शिक्षक किती आणि रिकाम्या जागा किती, हे दोन प्रश्न प्रत्येक पालकाने त्या समितीत उभे राहून विचारावेत. धान्य घेताना आपण काट्याकडे डोळे लावून बसतो. मग शाळेच्याच दारात ते मिटून का घ्यावेत?