वरातीचा घोडा चालतो, थेरपीचा का नाही?



गेल्या पंधरवड्यात आमच्या श्राविका मंडळाच्या ग्रुपवर एका सुनेने लिहिलं की तिच्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाला आठवड्यातून एकदा घोड्यावरच्या थेरपीला न्यायचं ठरवलंय, कुणाला अनुभव असेल तर सांगा. अनुभव कुणाकडेच नव्हता. उपदेश मात्र भरपूर निघाला. एक अक्का म्हणाल्या, मुक्या जनावराच्या पाठीवर बसून आपलं भलं करून घ्यायचं, ही हिंसा नाही तर काय? दुसऱ्या एकीने लिहिलं, हे आईचं पूर्वकर्म, त्याला घोडा काय करणार.

दुसरीचं आधी बघू, त्याला फार वेळ लागत नाही. आपल्या धर्मात ज्याचं कर्म त्यालाच. आईने बांधलेलं कर्म मुलाच्या आत्म्याला चिकटत नाही, हे पाठशाळेतलं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे ते वाक्य निष्ठुर तर आहेच, वर शास्त्राला सोडूनही आहे. (परदेशातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनीही एके काळी, 1950-60 च्या दशकांत, आईची माया कमी पडते म्हणून मूल स्वमग्न होतं असं सांगून कित्येक आयांना रडवलं होतं. ते साफ खोटं ठरलं. आपण तेच पुन्हा धर्माच्या नावाने सुरू करायला नको.)

पहिल्या अक्कांचा प्रश्न मात्र विचारायलाच हवा असा आहे. घोडा पंचेंद्रिय जीव. तिसरे तीर्थंकर संभवनाथ भगवंतांचं लांछन घोडा. आणि त्याची परवानगी घेऊन कुणी पाठीवर बसत नाही, हे खरंच. पण उत्तर मनाने देऊन टाकायचं नाही. दशलक्षणात दरवर्षी आपण तत्त्वार्थसूत्र ऐकतो. त्याच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. डांबून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. नीट बघा, चौथा शब्द नुसता 'भार' नाही, 'अतिभार' आहे. गृहस्थाच्या दारात जनावर असणार, ते काम करणार, हे धरूनच मर्यादा आखलेली आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकरी जैनांच्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या बैल होते की. ते काय फक्त बेंदराला रंगवायला होते?

आता हीच फूटपट्टी आधी आपल्या लग्नाला लावू. वरातीचा घोडा रात्री डांबरी रस्त्यावर उभा, कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ. तोंडात लगाम, तोही पुष्कळदा काटेरी. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामावर बंदी आहे, पण वरातीत घोड्याचं तोंड उघडून कोण बघतं? पाठीवर ऐंशी किलोचा नवरदेव, पुढ्यात भाचा. बाजूला त्याच्या नावाने नाचणारे आपणच. नेमिनाथ भगवंत स्वतःच्या लग्नाला निघाले असताना कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून माघारी फिरले, राजुलला सोडून गिरनारकडे गेले. ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो आणि वराती काढतो. पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत हत्ती-घोड्यांसाठी बोल्या लावतो, आणि ती रक्कम माइकवरून जाहीर होते तेव्हा टाळ्या वाजतात. त्याच अक्कांच्या नातवाच्या वरातीत पांढरा घोडा होता, फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा ग्रुपवर फक्त अभिनंदनं आली होती.

थेरपीत काय होतं ते तरी समजून घ्या. घोडा पळवायचा नसतो, रपेट नसते. घोडा सावकाश चालतो, मोतद्दार पुढे दोरी धरून चालतो, मुलाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं. घोड्याच्या चालीने बसलेल्याची कंबर मागे-पुढे, वर-खाली, डावी-उजवी हलते, जवळजवळ आपण चालताना हलते तशीच. तो ठेका सतत मिळत राहतो, मुलाला तोल सावरावा लागतो. आणि घोडा माणसासारखा बोलून गोंधळ करत नाही. 'चल' म्हटलं की चालतो, 'थांब' म्हटलं की थांबतो. ज्या मुलाला शब्दाचा उपयोगच कळत नसतो त्याला इथे शब्द बोलल्याचं फळ लगेच दिसतं. कित्येक ठिकाणी बसण्याआधी मूल खरारा करतं, चारा घालतं. ओझ्याचं म्हणाल तर घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लादू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सत्तर किलो. सहा वर्षांचं पोर खोगीर धरून त्याच्या निम्मंही भरत नाही. अतिभार कुठे आहे, वरातीत की इथे?

उपयोग होतो का? 2015 साली अमेरिकेतल्या एका चांगल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. 6 ते 16 वर्षांची 127 स्वमग्न मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटलेली. एक गट दहा आठवडे घोड्यावर बसला. दुसरा गट पागेत जाऊन घोड्यांविषयी शिकला, पण खरा घोडा त्याला दिला नाही, मोठा भुसा भरल्यासारखा खोटा घोडा दिला. पहिल्या गटातल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला, ती जास्त शब्द बोलू लागली. स्वमग्नता गेली असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून माझा राग दुसऱ्या बाजूवरही आहे. 'घोडा ऑटिझम बरा करतो' म्हणून जाहिरात करणारे, चार पोनी आणि एक फलक एवढ्या भांडवलावर पालकांकडून पैसे उकळणारे लोक. स्वमग्नता हा ताप नव्हे, की उतरला. घोड्यापायी बोलण्याची थेरपी बंद करायला सांगणारा तर सरळ फसवतोय. मुलाला फिट येत असतील, मानेचा किंवा मणक्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसवू नये. हे जिथे आधी विचारत नाहीत तिथून तसंच परत यावं.

एक गोष्ट अडचणीची आहे, ती लपवत नाही. थेरपीला शांत जनावर लागतं म्हणून पुष्कळदा खच्ची केलेला घोडा घेतात. खच्ची करणं छेदात येतं, त्याला पळवाट नाही. मी असते तर घोडी आहे का, असं विचारलं असतं. आणि बसण्याचंच मनाला पटत नसेल तर खरारा, चारा, दोरी धरून बरोबर चालणं एवढंच मागता येतं. बसण्याइतका गुण त्यातून येतो असा माझा दावा नाही. पण हे त्या आईने ठरवायचं, ग्रुपने नाही.

तिला मदतच करायची असेल तर तिच्यासोबत पागेत जा. आपल्याला जनावर कळतं, गोठ्यातून आलोय आपण. खोगिराखाली पाठीवर जखम आहे का बघा. दिवसाला किती मुलं बसवता, मधे सोडता का, मोकळं फिरायला जागा किती, चंदी काय देता, म्हातारा झाला की कुठे जातो, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला पागेवाला अडखळला तर पाचही अतिचारांचं उत्तर मिळालं समजा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: आपल्या घरच्या लग्नांत वरातीला घोडा नाही, आणि तो वाचलेला खर्च ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे त्यांच्या थेरपीला, मग ती घोड्याची असो वा बोलण्याची. अनुमोदनाला दोघी तयार आहेत, अजून तिघी हव्यात. नवरदेवांच्या आयांनी पुढे यावं, डिसेंबरच्या तारखा धरायला अजून वेळ आहे.