नांदेडच्या अर्भकांचा हिशेब

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत १६ अर्भके व बालके होती. मुले अत्यवस्थ होऊन उशिरा आली, औषधे कमी नव्हती, असा खुलासा झाला. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

खुलासा जसाच्या तसा खरा मानला, तरी प्रश्न सुटत नाही. खाजगी दवाखान्याचे बिल परवडेनासे झाले म्हणजे हिंगोली-परभणीचा शेतमजूर मूल घेऊन नांदेडला येतो. अत्यवस्थ मुलांसाठीच तर हे रुग्णालय उभारले आहे. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे मूल जंतुसंसर्गास फार लवकर बळी पडते. त्याच्या रक्तात कोणता जंतू आहे, हे कल्चरवरून कळण्यास एक-दोन दिवस लागतात. तोवर कोणते प्रतिजैविक द्यावे, अहवाल हाती आल्यावर कोणते थांबवावे, हे ठरविणे बालसंसर्गरोगतज्ज्ञाचे काम आहे. क्लेब्सिएलासारखे रुग्णालयातच फोफावणारे जंतू आज अनेक औषधांना दाद देत नाहीत. म्हणून हात धुण्याची शिस्त, दोन पाळण्यांतील अंतर, उपकरणांची स्वच्छता यांवरील देखरेख हे त्याच्या कामाचे तितकेच महत्त्वाचे अंग होय. परंतु नळाला पाणी आणि पाळण्यांच्या प्रमाणात परिचारिका तज्ज्ञ आणू शकत नाही. ते शासनाचे काम आहे. अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिल्याने ते पार पडत नाही.

असा तज्ज्ञ ही मुंबई-पुण्याची चैन आहे, मराठवाड्याला ती कशी परवडणार, असे काहीजण विचारतील. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ओळखण्यास आणि जेन्टामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकविले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाचे ज्ञान झोपडीपर्यंत पोहोचू शकते, हे तेथे सिद्ध झाले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय महाविद्यालयाच्या कक्षात ते का पोहोचू नये?

नांदेड आणि लातूर या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या शाखेचे कायम पद असावे, सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा रात्रीही चालावी, परिचारिकांची भरती पाळण्यांच्या संख्येवर ठरावी आणि नवजात कक्षातील संसर्ग व मृत्यू यांचा हिशेब दरमहा जनतेपुढे मांडला जावा, ही आमची मागणी आहे. यांपैकी शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात आरंभ तेथूनच करावा. हिशेब मागणारे कोणी नसले, की पुढच्या दुर्घटनेनंतर पुन्हा खुलासाच तेवढा वाट्यास येईल.