बगॅस ते साचा : कळीचा प्रश्न उत्प्रेरकाचा

कोल्हापूर जिल्ह्याचे अर्थकारण ऊस आणि फौंड्री या दोन उद्योगांनी पेलले आहे. साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे ढीग लागतात, तर शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत वाळूच्या साच्यांत लोखंड ओतले जाते. या दोहोंना जोडू शकणारा एक रासायनिक दुवा मात्र दुर्लक्षित आहे.

एक टन ऊस गाळल्यावर सुमारे ३०० किलो ओला बगॅस उरतो. त्यातील हेमिसेल्युलोजपासून फरफ्युरल मिळते. त्याला हायड्रोजन जोडला की फरफ्युरिल अल्कोहोल बनते, आणि त्यापासूनच्या फ्युरान रेझिनने साच्याची वाळू उष्णता न देताही घट्ट बांधली जाते. बगॅस बॉयलरसाठीच हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण फरफ्युरल काढल्यानंतरचा चोथाही वाळवून जाळता येतो.

खरी कसोटी पुढे आहे. हायड्रोजन रेणूतील अल्डिहाइड गटालाच जोडला गेला पाहिजे. निकेल, पॅलेडियमसारखे धातू रेणूच्या कड्यालाही सोडत नाहीत. तांबे या बाबतीत संयमी, म्हणून उद्योगात कॉपर क्रोमाइट रुळले. परंतु त्यातील क्रोमियममुळे निकामी उत्प्रेरकाची विल्हेवाट जिकिरीची ठरते. सिलिकावर बसवलेले तांबे हा त्याला पर्याय आहे.

येथे धातूइतकेच महत्त्व कृतीला आहे. सिलिका तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात नुसती भिजवून वाळवली, तर पाणी उडताना क्षार सरकतो, कण लहानमोठे होतात आणि तापल्यावर एकमेकांत मिसळून निष्प्रभ होतात. तेच तांबे अमोनियाच्या द्रावणातून, अमोनिया सावकाश उडवत सिलिकाशी जखडले, तर कण बारीक राहतात आणि अधिक काळ टिकतात. घटक तेच, पण फळ वेगळे!

तेव्हा प्रकल्पाच्या भूमिपूजनाआधी उत्प्रेरक घडवण्याच्या कौशल्यात गुंतवणूक हवी. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत. प्रयोगशाळेत ग्रॅमभर उत्प्रेरक उत्तम निघणे वेगळे आणि तोच किलोकिलोने बनवून शेकडो तास चालवणे वेगळे. ही मधली पायरी साखर कारखानदार व फौंड्रीचालकांनी एकत्र येऊन उचलली, तरच शेतकऱ्याच्या उसाचे मोल साखरेपलीकडे जाईल.