मुलामा नवा, सचोटी जुनीच हवी

खामगावला रजतनगरी म्हणतात. येथील चांदीवर दूरदूरच्या गिऱ्हाइकांचा भरवसा आहे. पण चांदीला एक जन्मजात खोड आहे. हवेतील गंधकयुक्त वायू लागला की ती काळी पडते आणि गिऱ्हाईक समजते की दुकानदाराने खोट घातली. त्यावर उपाय म्हणून नवनवीन कोटिंगची चर्चा होते. त्यात 'सी.व्ही.डी.' हे नावही ऐकू येते. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हे नाव नीट पारखून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

सी.व्ही.डी. म्हणजे केमिकल व्हेपर डिपॉझिशन, सोप्या भाषेत वायूपासून चढवलेला मुलामा. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर कथील फिरवतो. गिलेटवाला वस्तू द्रावणात बुडवून वीज सोडतो. येथे बंद भट्टीत वस्तू तापवून त्यावर वायू सोडतात. वायूंची रासायनिक क्रिया होऊन तापलेल्या पृष्ठभागावर घन पदार्थाचा थर बसतो. थर अगदी पातळ, पण पक्का असतो.

या रीतीचा मोठा उपयोग दागिन्यात नसून हत्यारात आहे. असा थर दिलेले कार्बाईडचे इन्सर्ट १९६९ च्या सुमारास बाजारात आले. टायटॅनियम नायट्राईडच्या सोनेरी थराने हत्याराची धार जास्त टिकते. लेथवाल्यांनी आणि ठसे बनवणाऱ्यांनी या फायद्याचा हिशेब जरूर करावा.

मात्र हा थर नेहमीच्या सी.व्ही.डी. रीतीने सुमारे १००० अंश सेल्सिअसला चढतो आणि शुद्ध चांदी ९६२ अंशांवर वितळते. तांबे मिसळलेली चांदी तर त्याआधीच वितळते. म्हणजे त्या भट्टीत पैंजण घातले तर त्याचा गोळाच बाहेर येईल! तेव्हा चांदीवर हाच मुलामा आहे असे कोणी सांगितले तर सरळ विचारावे की थर कशाचा, किती जाडीचा आणि किती उष्णतेवर दिला? कमी उष्णतेच्या रीती आहेत. पी.व्ही.डी.मध्ये निर्वात पेटीत धातूची वाफ करून थर देतात. सी.व्ही.डी.च्याच कुळातील ए.एल.डी. या रीतीने ॲल्युमिनियम ऑक्साईडचा नजरेस न दिसणारा थर चांदीवर देण्याचे प्रयोग अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठ आणि बाल्टिमोरचे वॉल्टर्स कलासंग्रहालय यांनी केले. चांदीच्या जुन्या वस्तू काळवंडू नयेत हा त्यामागचा हेतू होता.

मग चांदी उजळून देणाऱ्याच्या रोजीचे काय? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुलामा दिलेल्या वस्तूवर बफ फिरवला तर थर घासला जातो. डाग देण्यासाठी तापवली तर रंग बिघडू शकतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो. म्हणून वस्तू दुरुस्तीस देताना दुकानदाराने मुलाम्याची माहिती द्यावी. कारागिरानेही आधी विचारूनच हात घालावा.

हिऱ्यांचा धडाही समोर आहे. मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून याच रीतीने हिरा वाढवतात. तो काच नव्हे, खरा कार्बनचाच हिरा असतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या कामाच्या संशोधनासाठी आय.आय.टी. मद्रासला पाच वर्षांचे अनुदान जाहीर केले. हा माल विकण्यात गैर काही नाही. तो खाणीतला म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे.

आमचे म्हणणे एवढेच की बिलावर चांदीचा कस, वजन आणि मुलामा वेगवेगळे लिहावेत. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एच.यू.आय.डी. क्रमांक जोडला गेला. तेव्हा तो ऐच्छिक ठेवला होता, पण सक्तीची वाट कशाला पाहायची? दुसरे असे की ही भट्टी घरच्या कारखान्यात घालण्याची नव्हे. टायटॅनियमच्या मुलाम्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. धंदेवाल्यांनी एकत्र येऊन केंद्राच्या क्लस्टर योजनेतून सामायिक सुविधा केंद्र मागावे.

मुलामा मायक्रॉनमध्ये मोजता येतो, पत मोजता येत नाही. खामगावच्या चांदीचे नाव पिढ्यांच्या सचोटीने झाले आहे. नवे तंत्र त्या नावाच्या रक्षणासाठी वापरावे, त्याच्या आडून माल खपवण्यासाठी नव्हे.